लेकीसाठी पाहिलेल्या तीन शाळा

माझी मुलगी घरात इतकं बोलते की तिचे वडील ड्यूटीवरून आले की पाच मिनिटं गप्प बसायची विनंती करतात. घराबाहेर मात्र ती एक शब्द बोलत नसे. अंगणवाडीत दोन वर्षं काढली, पण तिथल्या ताईंनी तिचा आवाज ऐकला नाही. शेजारच्या बाईंनी एकदा मला हळूच विचारलं, "जन्मापासूनच मुकी आहे का हो?" त्या वेळी लेक माझ्या मागे पदर धरून उभी होती. घरात शिरल्याबरोबर तिनं मला विचारलं, "मुकी म्हणजे काय?"

मी आरोग्यसेविका आहे. गावोगाव बाळांना डोस देते, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवते. दुसऱ्यांच्या मुलांविषयी मला पुष्कळ कळतं. आपल्या मुलीपुढे मात्र हात टेकले होते. बारामतीच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि सांगितलं, कान चांगले आहेत, जीभ चांगली आहे. परक्या ठिकाणी तिला इतकी भीती वाटते की आवाज आतच राहतो. जबरदस्ती करू नका, बक्षिसाचं आमिष दाखवू नका, वेळ द्या.

वेळ द्यायचा, पण कुठे? जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं होतं. त्याच वर्षी माझी बदली होणार होती. अर्जात गावांचा पसंतीक्रम भरायचा होता. चौकशी केली तर माझ्या बदलीत बसण्यासारखी तीन ठिकाणं निघाली: एक सुप्याच्या अलीकडची वाडी, एक सोमेश्वरनगरजवळचं गाव आणि एक इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याच्या पुढे. नवरा एमआयडीसीत कामाला. तो म्हणाला, "मी कुठूनही मोटरसायकलवर येईन-जाईन. तू पोरीची शाळा बघ आणि त्यावरून गाव ठरव."

लोक बदलीत रस्ता बघतात, क्वार्टरला पाणी आहे का बघतात. आम्ही शाळा बघायला निघालो.

सोबत माझे वडील आले. घरात सगळेच त्यांना तात्या म्हणतात. तात्या एसटीचे ड्रायव्हर होते, बारामती डेपोतून निवृत्त झाले. त्यांना दोन्ही तालुक्यांतलं वळण न् वळण पाठ. मोटरसायकल चालवतानासुद्धा ते मागे पन्नास माणसं बसल्यासारखी चालवतात. प्रत्येक वळणाला हॉर्न. लेक त्यांच्या पुढ्यात टाकीवर, मी मागे, आणि माझ्या पिशवीत एक वही. वहीत मी रकाने आखले होते: खोल्या, शिक्षक, पट, पाणी, स्वच्छतागृह, पंखे. नोंदी ठेवायची सवय लागलेली, दुसरं काही सुचलं नाही.

मार्च महिना होता. शाळा सकाळच्या झाल्या होत्या. आम्ही आधी सुप्याकडे निघालो. उजाडता उजाडता बारामतीतून बाहेर पडलो. ऊस मागे पडला आणि माळ सुरू झाला, खुरटी बाभळ आणि वाळलेलं गवत. शाळा वाडीच्या टोकाला होती. दोन खोल्या, एक व्हरांडा, तारेचं कुंपण.

तात्यांनी सवयीनं हॉर्न वाजवायला अंगठा उचलला, तेवढ्यात फाटकातून एक गुरुजी अक्षरशः धावत आले. दोन्ही हात हलवून 'नको, नको' करत होते. आम्ही गाडी तिथेच बंद केली. गुरुजींनी तोंडावर बोट ठेवलं आणि आम्हाला आत बोलावलं. मला वाटलं, परीक्षा चालू असेल.

व्हरांड्यात मुलं ओळीनं मांडी घालून बसली होती. अकरा मुलं. कुणाच्याही हातात पुस्तक नव्हतं. सगळी कुंपणापलीकडच्या उताराकडे बघत होती. उतारावर सिमेंटचा एक उथळ हौद होता आणि हौदावर तीन हरणं पाणी पीत होती.

चिंकारा. मी इतकी वर्षं या तालुक्यात राहते, पण चिंकारा पाहिला होता तो अभयारण्याच्या पाटीवर रंगवलेला. इथे तो दारातल्या शेळीइतका जवळ होता. त्याचे कान हलताना दिसत होते. आणखी दोन आली, त्यांतली एक मादी, तिच्यामागे पाडस. पाडस हौदाच्या काठावरून घसरलं, उभं राहिलं. अकरा मुलांपैकी एकही हसलं नाही, हललं नाही. पहिलीतली एक चिमुरडी शिंक येऊ नये म्हणून नाक चिमटीत धरून बसली होती, डोळ्यांत पाणी आलं तरी चिमूट सोडली नव्हती.

तात्यांचा आवाज मोठा. आयुष्यभर इंजिनाच्या वर बोलायची सवय. तेही खांबाला टेकून खाली बसले आणि श्वास घ्यायचा विसरल्यासारखे बघत राहिले. लेक माझा हात सोडून पुढे गेली आणि त्या ओळीच्या टोकाला बसली. कुणी तिला नाव विचारलं नाही. बाजूच्या मुलीनं फक्त जरा सरकून जागा केली.

पाणी पिऊन हरणं गेली. मग मुलांनी एकदम श्वास सोडला आणि कलकलाट सुरू झाला. चौथीतल्या एकानं फळ्यावर तारीख लिहिली, वारा कुठून आहे ते लिहिलं आणि खाली लिहिलं: सहा, पाडसासकट. दुसरी ओरडली, "लंगडीचा पाय बरा झालाय गुरुजी, आज टेकवत हुती!"

गुरुजींनी कपाट उघडून वह्या दाखवल्या. किती वर्षांच्या होत्या देव जाणे, तळातल्यांची पानं पिवळी पडली होती. शाळा भरली त्या प्रत्येक दिवसाची नोंद, वेगवेगळ्या मुलांच्या अक्षरात. वाडीत टँकर आला की शाळेच्या टाकीत पडायच्या आधी पहिली बादली हौदात, हा मुलांचाच नियम.

"चौथीतून मुलं गेली की?" मी विचारलं.

"धाकटी असतात ना. ती शिकतात. नवीन मुलाला पहिल्या आठवड्यात फक्त गप्प बसायला शिकवावं लागतं. बाकी सगळं त्यामागून."

मी लेकीकडे पाहिलं. जे तिच्यातलं कमी म्हणून मी दोन वर्षं रडत होते, ते इथे पहिल्या आठवड्याचा धडा होतं.

तात्यांनी विचारायचं ते विचारलंच. "गुरुजी, पट अकरा. मग शाळा राहती का?"

गुरुजी म्हणाले, "राहील तोवर आम्ही आहोत. दुसरे सर आज मीटिंगला गेलेत, नाहीतर दोघंही असतो." आवाजात ना तक्रार ना बढाई.

परतताना तात्या मोरगावपर्यंत एकदाही हॉर्न न वाजवता आले. लेक टाकीवरून मागे वळून मला सांगत होती, पाडसाला किती बुटकी शेपटी होती, आणि लंगडी कोणती ते तिला कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात सोमेश्वरनगरकडे गेलो. तो रस्ता अगदी वेगळा. कारखान्याचा धूर दिसायच्या आधी मळीचा वास येतो. उसानं भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, बैलगाड्या, रस्त्यावर चिपाडं. हंगाम संपत आला होता, तरी ऊसतोड कामगारांच्या कोप्या अजून माळावर उभ्या होत्या, पाचटाच्या, वर निळं ताडपत्रीचं कापड.

शाळा मोठी होती, गजबजलेली. मी वही काढली आणि खोल्या मोजू लागले. पहिलीच्या वर्गाच्या बाई जागेवर नव्हत्या. "कोप्यांवर गेल्यात, येतील," असं कुणीतरी म्हणालं. थोड्या वेळानं त्या आल्या, हातानं स्कूटी ढकलत. स्कूटीवर दोन लहान पोरं बसलेली आणि बाजूनं चार-पाच पोरं चालत. रोज सकाळी त्या कोप्यांवर जातात. आई-बाप पहाटेच फडात गेलेले असतात, मुलांना उठवून, तोंड धुवायला लावून आणावं लागतं.

त्यांच्यामागून एक दहा वर्षांची मुलगी चालत आली. कमरेवर धाकटी बहीण, जेमतेम वर्षाची. ती चौथीत होती, बीडकडची. आली ती थेट पायरीवर माझ्याशेजारी बसली आणि माझ्या वहीत डोकावली.

"तुमी शाळा तपासायला आल्यात?"

"नाही गं. माझ्या मुलीला घालायचंय. म्हणून बघतेय."

"कुठकुठल्या बघितल्या?"

मी सांगितलं, एक सुप्याकडची, ही दुसरी.

"म्या सहा बघितल्यात," ती म्हणाली. तिनं बोटांवर मोजलं. गावाकडची एक, दिवाळीनंतर आई-बाप ज्या ज्या कारखान्याला गेले तिथली एकेक. एका वर्षी तर हंगामाच्या मध्येच कारखाना बदलला, म्हणून एका वर्षात तीन. "एक कर्नाटकातली. तितं फळ्यावरचं वाचताच येईना. बाई काय बोलायच्या ते बी कळंना. मग म्या नुसतं गणित केलं. गणित सगळीकडं सारखंच असतं."

तात्या पायरीखाली उभे होते, ते जवळ सरकले. मी वही मिटून मांडीवर ठेवली. मी विचारलं, आणि खरंच विचारायचं म्हणून विचारलं, "मग शाळा चांगली आहे का नाही, हे कसं कळतं?"

तिनं बहिणीला या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं. विचार केला.

"नवीन पोरगी आली की तिला कुठं बसवत्यात ते बघायचं. मागं बसवली तर समजायचं, हितं आपुन चार महिने मागंच. अन् पुस्तक देत्यात का शेजारणीच्यात बघ म्हणत्यात, ते बघायचं."

"आणि इथं?"

"हितं बाईंनी मला पहिल्याच दिवशी घंटा द्यायला लावली. सगळ्या शाळेनं बघितलं, कोण हाय ती." एवढं सांगताना ती पहिल्यांदा लाजली.

मग तिचं लक्ष लेकीकडे गेलं. "ही बोलत न्हाई का?"

"घरी बोलते. बाहेर नाही."

"मी बी कर्नाटकात बोलले न्हवते. तीन महिने." तिला त्यात काही नवल वाटलं नाही. ती लेकीला म्हणाली, "हिला धर जरा, मला वही आणायचीय," आणि बाळ सरळ माझ्या लेकीच्या मांडीत दिलं. माझी सहा वर्षांची पोर दोन्ही हातांनी ते बाळ घट्ट धरून बसली, मान ताठ करून, जणू तिच्यावर देशाचा कारभार सोपवला होता. ती मुलगी निवांत वही घेऊन आली, पहिलीतल्या चार पोरांना गोळा केलं आणि त्यांच्याकडून वाचून घ्यायला लागली. एक पोरगा शब्द ओळखायच्या ऐवजी चित्र बघून सांगत होता. तिनं चित्रावर तळहात ठेवला. "आता सांग."

मी नोकरीत कित्येक प्रशिक्षणं घेतली आहेत. कुणी मला इतक्या थोडक्यात काही शिकवलेलं आठवत नाही.

बाईंशी बोलले तेव्हा त्या कार्डं भरत बसल्या होत्या. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळा एक कार्ड देते, ते दाखवलं की पुढच्या गावची शाळा लगेच दाखल करून घेते. पाडव्याच्या आसपास कोप्या मोडणार, त्याआधी सगळ्यांची कार्डं तयार हवीत.

"मी यात काय येतं तेवढंच लिहिते," त्या म्हणाल्या. "काय येत नाही ते लिहीत नाही. ते पुढच्या बाईंना दिसेलच. पण येतं ते कुणी सांगितलं नाही तर दिसायला फार वेळ लागतो."

त्या मुलीच्या कार्डावर ओळी संपल्या होत्या. बाई कडेच्या जागेत आडवं लिहीत होत्या.

वहीतल्या सगळ्या रकान्यांत मी आकडे भरले होते. घरी येऊन बघितलं तर मला त्यांतून काहीच ठरवता येईना. नवऱ्यानं विचारलं, "मग? कुठली बरी?" मी म्हटलं, "मला विचारू नका. मी ज्या शाळेत जाते तिथलीच होते."

तिसऱ्या खेपेला अंथुर्ण्याच्या बाजूला गेलो. कालव्याचं पाणी असलेला भाग. दोन्ही बाजूंना हिरवंगार, ढोबळी मिरची, मका, डाळिंबाच्या बागा. तिथली शाळा बघून तात्यांनी गाडीवरून उतरायच्या आधीच शिट्टी मारली. सातवीपर्यंतचे वर्ग, रंगवलेल्या भिंती, अंगणात फरशी, मोठा टीव्ही बसवलेली खोली. पाण्याचे नळ तीन उंचींवर: लहानांसाठी खाली, मोठ्यांसाठी वर. गावातल्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून हे सगळं केलं होतं. तात्या प्रत्येक नळ सोडून बघत होते. म्हणाले, "हिच्यात काय बघायचं राहिलं? घाल हितंच."

मुख्याध्यापक चांगले होते. त्यांनी खोल्या दाखवल्या आणि मग म्हणाले, "पहिलीचा वर्ग तुम्ही दारातूनच बघा. गोष्ट चालू आहे."

तिशीच्या आतल्या बाई होत्या, सुती साडी, हातात खडू. तीसेक मुलं खाली बसलेली. गोष्ट कोल्ह्याची होती. कोल्हा विहिरीत डोकावतो आणि त्याला दिसतं... इथे बाई थांबल्या. मला वाटलं, मुद्दाम थांबल्या, मुलांची उत्सुकता वाढवायला. मग मला त्यांचे ओठ दिसले. ओठ मिटलेले, गळ्याची शीर ताणलेली. "प... प..." शब्द येत नव्हता.

बाई अडखळत होत्या.

तीस मुलं थांबली. सहा वर्षांची मुलं. एकानंही हसू दाबलं नाही, शेजारच्याला कोपर मारलं नाही, शब्द पुढून पुरवला नाही. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती आणि चेहऱ्यावर फक्त पुढे काय झालं याची उत्सुकता. मलाच ते सहन होईना. माझी जीभ टाळ्याला लागली, 'प्रतिबिंब' म्हणायला मी तोंड उघडलं. दाराजवळ बसलेल्या एका वेण्या घातलेल्या मुलीनं माझ्याकडे वर बघितलं आणि अगदी हळू मान हलवली. नको.

मी तोंड मिटलं.

"...प्रतिबिंब," बाई म्हणाल्या आणि गोष्ट पुढे गेली. मुलं विहिरीत वाकून बघितल्यासारखी पुढे झुकली.

आम्ही दारात किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक. बाई आणखी तीन-चार वेळा अडल्या. दर वेळी तो वर्ग तसाच थांबला. एखादं जड फाटक उघडायला एकच माणूस पुरेसा असतो आणि बाकीचे निवांत उभे राहतात, तसा. माझा हात धरून उभी असलेली लेक बाईंच्या ओठांकडे बघत होती. तिचे ओठही हलत होते, आवाज न करता.

सुट्टीत बाईंशी बोलले. मी विचारलं, "मुलांना हे कसं शिकवलंत?"

"मी न... नाही शिकवलं," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षीच्या मुलांनी आपणच ठरवलं. आता ती मोठी झाली. जूनमध्ये नवीन मुलं आली की तीच येऊन सांगून जातात. म... मला वर्गाबाहेर पाठवतात आणि सांगतात."

मुख्याध्यापक मागे उभे होते. ते म्हणाले, "बाई आल्या त्या वर्षी पालक माझ्याकडे आले होते. म्हणाले, ह्या आमच्या पोरांना बोलायला काय शिकवणार? मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा. दिवाळीनंतर कुणी आलं नाही."

मी बाईंना लेकीविषयी सांगितलं. त्यांनी लगेच तिच्याकडे बघून गोड बोलायला सुरुवात केली नाही, जशी सगळे करतात. त्या मला म्हणाल्या, "आज बसू दे वर्गात. कुठे बसायचं ते ती ठ... ठरवेल."

लेक वर्गभर फिरली. मला कोप्यांवरची ती मुलगी आठवली आणि मी श्वास रोखून बघत राहिले, ही कुठे बसते. ती मागे गेली, खिडकीपाशी थांबली, परत फिरली आणि सरळ पुढे येऊन बाईंच्या खुर्चीला टेकून बसली. बाईंनी खुर्ची जरा वळवली, तिला टेकायला नीट व्हावं म्हणून. बस्स, एवढंच. वर्ग चालू राहिला.

येताना तात्यांनी कालव्याच्या पुलावर गाडी थांबवली. उतरून कठड्याला टेकले. ते चौथीतच शाळा सोडलेले, हे मला माहीत होतं. ते कधी त्याविषयी बोलत नसत.

"ह्या शाळांम्होरं मी किती वर्सं गाडी थांबवली," ते म्हणाले. "मास्तर उतरवले, बाया उतरवल्या, पोरं चढवली. पर आत काय चालतंय, कदी बगितलं न्हाय. वाटायचं, पाढे म्हणत असतील." मग पाण्याकडे बघत म्हणाले, "तीनपैकी कुठंबी टाक बाय. मला आता लहान होऊन तिन्हीत बसावंसं वाटाया लागलंय."

अर्ज भरायच्या दिवशी संध्याकाळी आम्ही लेकीला विचारलं. घरात तिचं तोंड चालू होतंच. हरणांची शाळा आवडली, म्हणाली. बाळाची शाळाही आवडली. मग एकदम म्हणाली, "पण त्या बाईंच्या शाळेत जायचं."

"का गं?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"त्यांचे शब्द अडकतात ना, तसे माझे पण अडकतात. माझे सगळेच अडकतात. पण त्यांचे नंतर निघतात."

नवरा घास हातात धरून बसला. आम्ही दोन वर्षं तिच्या आत काय होतं ते शोधत होतो. तिनं आम्हाला ते कधी सांगितलं नव्हतं, बहुतेक तिला सांगायला तोपर्यंत कुणी दिसलंच नव्हतं.

अंथुर्ण्याच्या बाजूचं गाव मी पहिल्या क्रमांकावर भरलं. यादी लागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मे संपताना यादी लागली आणि ते गाव मिळालं. तात्यांनीच टेम्पोत बसून सामान नेलं, ड्रायव्हरला वाटभर सूचना देत.

जून गेला, जुलै गेला. लेक रोज हसत शाळेत जायची, हसत घरी यायची. घरी आली की सगळं सांगायची, पण शाळेत बोलली का, हे मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून विचारत नव्हते. बाईंनाही विचारलं नाही. धीर होत नव्हता.

ऑगस्टमध्ये जंतांच्या गोळ्या वाटायचा दिवस आला. ते माझंच काम. गोळ्यांची डबी आणि यादी घेऊन मी शाळेत गेले. पहिलीच्या वर्गातून कविता ऐकू येत होती, सगळी मुलं एका सुरात म्हणत होती. मी व्हरांड्यात थबकले. आईला कसं कळतं ते सांगता येत नाही. त्या तीसेक आवाजांत एक आवाज जरा उशिरा सुरू होत होता आणि ओळ संपल्यावर किंचित मागे उरत होता. तो रोज माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येणारा आवाज होता.

मी खांबाला धरून उभी राहिले. बाई दारात आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि समजल्या.

"किती दिवस?" मी विचारलं. मलाही शब्द सापडत नव्हते. बाई थांबल्या माझ्यासाठी.

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "आधी शेजारणीच्या कानात. मग क... कवितेत. परवा मला पाणी प्यायला जाऊ का विचारलं."

"मला सांगितलं नाहीत!"

"तुम्ही घरी तिला जवळ घेतलं असतं. पेढे आणले असते." त्या हसल्या. "मग ती थ... थांबली असती."

तीन आठवडे ही बाई रोज मला फाटकात भेटत होती, नमस्कार करत होती, आणि एवढी मोठी बातमी तिनं स्वतःपाशी ठेवली होती. मला आनंद झाला होता का राग आला होता, तेही धड कळेना. मी त्यांचे हात हातात घेतले आणि सोडले, कारण मुलं बघत होती.

मग मुलांची रांग लागली. मी यादीवर खूण करत एकेकाच्या तळहातावर गोळी ठेवत होते. लेकीचा नंबर आला. तिनं मला ओळख दाखवली नाही, शाळेत मी तिची आई नव्हे तर गोळीवाली बाई होते. मीही चेहरा तसाच ठेवला. तिनं गोळी तोंडात टाकली, चघळली. तिच्यामागचा मुलगा गोळीकडे बघून रडवेला झाला होता.

ती मागे वळली आणि त्याला म्हणाली, "गिळायची नाही रे. चावायची. गोड आहे."

मी यादीत त्याच्या नावापुढे खूण केली आणि पुढची गोळी काढली.